विहिरीतला दम, समुद्रातला श्वास

दिवाळी सरली की आपल्याकडच्या गाड्या कोकणाकडे वळतात आणि या सदराच्या टपालात समुद्र येतो. या वेळी स्कूबाबद्दल, म्हणजे पाठीवर हवेचं सिलिंडर घेऊन पाण्याखाली जाण्याबद्दल, इतकी पत्रं आली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवले आणि सगळी जागा पाण्याखालच्या सफरीला दिली.

नव्या वाचकांना माझी ओळख एवढीच. चोपडा तालुक्यात आमच्या शेतातल्या विहिरीत, पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून मी पोहायला शिकले. समुद्र पहिल्यांदा पाहिला तेविसाव्या वर्षी, लग्नानंतर. एकेचाळिसाव्या वर्षी स्कूबाचा रीतसर कोर्स केला आणि गेली अकरा वर्षं दर हिवाळ्यात पाण्याखाली जाते. मी डॉक्टर नाही, त्यामुळे तब्येतीच्या प्रश्नांना उत्तर देताना जिथे थांबायचं तिथे थांबले आहे.

प्रश्न : आम्ही तिघं मित्र, केळीवाले. लहानपणापासून विहिरीत सूर मारतो, तापीतही पोहलो आहोत. मी दीड मिनिट दम धरतो. जानेवारीत मालवणला जातोय. तिथे म्हणे ट्रेनर पूर्ण वेळ धरूनच नेतो. पोहता येत असताना त्याची काय गरज? आम्हाला मोकळं सोडतील का? (यावल तालुका)

भाऊ, तुम्हाला पाण्याची भीती नाही, याने निम्मं काम झालं. पण ज्या दमाचा तुम्हाला अभिमान आहे, तो मात्र काठावर ठेवून उतरायचं आहे. स्कूबात श्वास कधीच रोखायचा नाही. नाकात पाणी गेलं, मासा अंगावर आला, काहीही झालं तरी नाही.

मला विहिरीत ढकलताना आजोबा म्हणायचे, "दम धर पोरी, पानी काय वाघ शे का?" विहिरीपुरतं ते अगदी बरोबर होतं. बुडी मारताना आपण वरची हवा छातीत भरून घेतो. खाली गेलं की पाण्याच्या दाबाने ती आकसते, वर आलं की होती तेवढीच होते. सिलिंडरमधून मात्र आपण खालच्या दाबाची हवा खालीच घेतो. दहा मीटरवर दाब वरच्यापेक्षा दुप्पट असतो. तिथे छाती भरून घेतली, दम धरला आणि तसेच वर आलात, तर ती हवा दुप्पट जागा मागते. छातीत तेवढी जागा नसते. फुफ्फुसाला इजा होऊन हवा रक्तात शिरू शकते आणि ते जिवावरचं दुखणं आहे. त्याला दहा मीटर खोलीही लागत नाही. छाती गच्च भरलेली असेल तर दीड-दोन मीटर वर येणंही पुरतं.

आता आपल्यासारख्या विहिरीतल्या पोहणाऱ्याचं काय होतं बघा. जरा दचकलं की घसा आपोआप बंद होतो आणि पाय वर झेप घेतात. अंगवळणी पडलेली गोष्ट, विचार करायला वेळच मिळत नाही. कोर्सच्या पहिल्या दिवशी, छातीएवढ्या पाण्यात, माझ्या डोळे-नाक झाकणाऱ्या मास्कमध्ये चमचाभर पाणी शिरलं आणि मी नेमकं हेच केलं. शिकवणाऱ्याने माझा खांदा दाबून धरला आणि स्वतःच्या तोंडातून निघणारे बुडबुडे बोटाने दाखवले. बुडबुडे दिसत राहिले पाहिजेत, हा तेव्हापासून माझा एकच नियम आहे. ट्रेनर तुम्हाला धरतो तो याच क्षणासाठी. त्यामुळे मोकळं सोडणार नाहीत आणि सोडतो म्हणणाऱ्याकडे तुम्ही जाऊ नका. पहिल्या अनुभवाच्या डाइव्हची मर्यादा 12 मीटर असते. मालवणात बहुतेक वेळा त्याच्याही बरंच वर थांबतात आणि पाहायचं ते तिथेच असतं. परवाना असलेले लोकसुद्धा एकटे उतरत नाहीत, जोडीनेच उतरतात.

तयारी घरीच होईल. साधा मास्क आणि स्नॉर्केल (तोंडात धरायची श्वासाची नळी) आणा, विहिरीच्या पायरीवर बसून तोंड पाण्यात घाला आणि दहा मिनिटं फक्त तोंडाने श्वास घ्या. आत घेताना मनात चार मोजा, सोडताना सहा. पहिली दोन मिनिटं जीव घाबरा होईल, मग बसेल. दुसरी सवय हातांची. आपण विहिरीत हात मारतो, तिथे हात छातीशी धरायचे आणि पाय कमरेपासून सावकाश हलवायचे. जो धडपडतो त्याची हवा लवकर संपते आणि भोवतालचे मासेही पांगतात.

आणि हे तिघांनी मिळून पाठ करा : पाण्याखाली अंगठा वर केला की त्याचा अर्थ 'मला वर जायचंय'. 'छान चाललंय' सांगायला अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. आनंदाच्या भरात अंगठा दाखवून चौथ्या मिनिटाला वर आलेली माणसं मी पाहिली आहेत. फार हळहळतात बिचारी.

प्रश्न : गेल्या वर्षी मी दोन मीटरवरूनच परत आले. कान इतका दुखला की डोळ्यांत पाणी आलं. सोबतचे सगळे खाली गेले. या वर्षी मुलगा जाणार आहे. मी पुन्हा प्रयत्न करावा का? (भडगाव, शिक्षिका)

ताई, करावा. तुमचा कान नाजूक आहे असं यातून सिद्ध होत नाही. दाबाने हवा सगळ्यात झपाट्याने आकसते ती पहिल्या काही मीटरांतच, त्यामुळे बहुतेकांचे कान तिथेच दुखतात. कानाच्या पडद्यामागे हवेची एक पोकळी आहे आणि ती बारीक नळीने घशामागे जोडलेली आहे. बाहेरून पाणी पडदा आत ढकलतं, तेव्हा त्या नळीतून आतली हवा वाढवावी लागते. मास्कवरूनच नाक चिमटीत धरायचं आणि तोंड मिटून नाकातून हळूच फुंकायचं. कानात 'टप्' होतं. काहींना फुंकण्यापेक्षा नाक दाबून आवंढा गिळणं सोपं जातं.

चूक होते ती वेळेची. आपण दुखायला लागल्यावर फुंकतो, तोपर्यंत ती नळी दाबाने मिटलेली असते. पहिली फुंकर पाण्यावर असतानाच मारायची आणि मग हातभर उतरलं की पुन्हा, दुखायची वाट न पाहता. डोकं खाली करून जाऊ नका. दोर धरून, पाय खाली ठेवून उतरा. एकच कान अडत असेल तर तो कान वरच्या बाजूला येईल अशी मान कलती करा. दुखलंच तर तळहात आडवा हलवून कानाकडे बोट दाखवा आणि थोडं वर या. तिथे थांबून पुन्हा फुंका. जोर लावून खाली जायचं नाही.

नाक चोंदलं असेल तर त्या दिवशी किनाऱ्यावर राहा. हे मी स्वतः भोगून सांगते. सात वर्षांपूर्वी मी सर्दी असताना गोळी घेऊन उतरले. पैसे भरले होते, रजा संपत होती, आणि सोबतच्या कुणालाही काही सांगितलं नाही. खाली जाताना जमलं. मग गोळीचा असर ओसरला आणि वर येताना कानातली हवा आतच अडकली. महिनाभर उजव्या कानाने नीट ऐकू येत नव्हतं. आता मी सहलीत एक दिवस मोकळाच ठेवते, म्हणजे नाक बंद असलं तर उद्यावर टाकता येतं. तुम्हीही तसाच ठेवा. आणि गेल्या वर्षीनंतर कान पुन्हा कधी वाहिला किंवा दडे बसले असतील, तर आधी कानाच्या डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : मला भरघोस मिशी आहे. मास्क गळतो म्हणतात. काढावी लागेल का? (धुळे, निवृत्त पोलीस)

काका, काढू नका. नाकाच्या अगदी खालची बोटाच्या पेराएवढी पट्टी कात्रीने बारीक करा, म्हणजे मास्कची कड कातडीवर बसेल. दोन्ही बाजूंचे झुपके तसेच राहू द्या. तरी थेंब थेंब पाणी येईलच. मास्कची वरची कड कपाळाशी दाबा, नजर वर करा आणि नाकातून जोरात श्वास सोडा, पाणी खालून निघून जातं. हे किनाऱ्याजवळ उथळ पाण्यात दोनदा करून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. व्हॅसलीन फासायला सांगतात, पण त्याने मास्कचं सिलिकॉन खराब होतं.

प्रश्न : शिरपूरहून आम्ही चौदा जण ट्रॅव्हलर करून निघतोय. रात्री प्रवास, सकाळी पोहोचून लगेच स्कूबा, दुपारी निघून कोल्हापूरला अंबाबाईचं दर्शन आणि परत. वाटेसाठी शेवभाजी, कळण्याच्या भाकरी, ठेचा बांधून घेणार. काही बदल सुचवाल? (शिरपूर)

शेवभाजी जाऊ द्या तिच्या जागी, तिला मी काही म्हणत नाही. पण तुमचं वेळापत्रक दोन्ही टोकांना बदलायला हवं.

आधी सुरुवात. पंधरा-सोळा तास गाडीत, झोप अर्धवट, आणि वाटेत लघवीला थांबावं लागू नये म्हणून आपण पाणीही कमी पितो, बायका तर फारच कमी. अशा अंगाने होडीत बसलं की पहिल्या लाटेला पोट ढवळतं. स्कूबाला अंगात पाणी हवं आणि झोप हवी. म्हणून पोहोचाल त्या दिवशी नुसता समुद्र पाहा, मालवणी जेवा, लवकर झोपा. त्या रात्री दारू नाही, हे चौदाही जणांना घरून निघण्याआधीच सांगून ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी उतरण्याच्या दीड-दोन तास आधी दोन केळी आणि एखादी साधी भाकरी किंवा पोळी खा. केळी आपलीच न्या, जळगावची. उपाशीपोटी जाणं आणि ठेचा खाऊन जाणं, दोन्हीत सारखाच त्रास. होडी लागण्याची सवय असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी तासभर आधी घ्या. एकदा मळमळायला लागल्यावर ती कामाची नाही. होडीत मागच्या बाजूला बसा, डिझेलचा धूर येणार नाही अशी जागा बघा आणि नजर क्षितिजावर ठेवा. मोबाइल पिशवीत.

आता दुसरं टोक, आणि याबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे, कारण आपल्या भागातले लोक इथेच चुकतात. सिलिंडरमध्ये ऑक्सिजन असतो असा आपला समज आहे. त्यात साधी कोरडी हवाच असते, दाबून भरलेली. म्हणजे बहुतेक नायट्रोजन. दाबाखाली तो नायट्रोजन रक्तात आणि अंगात जास्त विरघळतो आणि वर आल्यावर हळूहळू श्वासावाटे निघून जातो. बाहेरचा दाब अचानक कमी झाला तर गोटीसोड्याची गोटी दाबल्यावर होतं तसं होतं, अंगात बुडबुडे धरतात. विमानात दाब कमी असतो हे बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. पण घाट चढतानाही तो कमी होतोच. मालवणहून कोल्हापूरला फोंडा घाटाने जा, गगनबावड्याने जा की आंबोलीने, चढायचं सह्याद्रीच आहे, आणि 300 मीटरच्या वरची चढाई ही विमानप्रवासासारखीच मानावी असा डाइव्हिंगमधला दंडक आहे. एका डाइव्हनंतर किमान 12 तास, अनेक डाइव्ह किंवा सलग दिवस केल्यास 18 तास थांबायचं. मी स्वतः पूर्ण 24 तास थांबते.

तुम्ही पाच-सहा मीटरवर वीसेक मिनिटं जाल, तेवढ्याने धोका फारच थोडा, हे खरं. पण चौदा जणांत कुणाचं वय जास्त, कुणाचं वजन जास्त, कुणी पाणीच प्यायलेलं नाही. एक रात्र आणखी राहिलात तर सकाळी सिंधुदुर्ग किल्ला सावकाश पाहून होईल. 1664 साली पाया घातलेला तो किल्ला घाईने पाहण्यासारखा नाहीच. मग घाट चढा, अंबाबाई वाट पाहील.

रेल्वेने जाणाऱ्यांसाठी जाता जाता : मंगला एक्स्प्रेस भुसावळ, जळगाव, मनमाडवरून येऊन पनवेलनंतर कोकण रेल्वेला लागते. गाडी बदलायचा त्रास वाचतो. तुम्हाला सोयीचा थांबा तेवढा तिकीट काढताना बघून घ्या.

प्रश्न : वय 38, प्राध्यापिका. पोहता येत नाही. चष्मा उणे चार. तो अंगाला चिकटणारा पोशाख सगळ्यांसमोर घालायची लाज वाटते. पाळीची तारीखही त्याच आठवड्यात येतेय. जाऊ की नको? (जळगाव)

जा. एकेक करून सांगते.

पोहता येण्याची अट अनुभवाच्या डाइव्हला नाही. चष्म्याच्या नंबरची काच असलेले मास्क मिळतात, आधी फोन करून उणे चार आहे का ते विचारून ठेवा. मऊ कॉन्टॅक्ट लेन्सही चालतात, फक्त मास्कमध्ये पाणी आलं तर डोळे मिटून घ्यायचे. पाण्यात सगळं खऱ्यापेक्षा मोठं आणि जवळ दिसतं, त्यामुळे नंबर थोडा कमी मिळाला तरी फारसं अडत नाही.

पाळीत डाइव्हिंगला मनाई नाही. टॅम्पॉन किंवा कप वापरण्याची सवय असेल तर अडचणच नाही, आणि ज्या दिवशी पोटात फार दुखतं तो दिवस सोडा. गरोदरपणात मात्र अजिबात नाही, शंका असली तरीही नाही.

लाजेबद्दल. मी पहिल्यांदा तो वेटसूट घातला तेव्हा नवऱ्याच्या मित्रांसमोर टॉवेल गुंडाळून होडीपर्यंत गेले. आत गेल्यावर लक्षात आलं की तिथे कुणाला कुणाकडे बघायला वेळ नसतो. तरी संकोच वाटतोच, तो खोटा नाही. वरून सैल टी-शर्ट आणि लेगिंगवर हाफ पँट घाला, कुणी हरकत घेत नाही. पण सूट टाळू नका. आपल्या 44 अंशांत वाढलेल्या अंगाला कोकणातलं पाणी वरून कोमट वाटतं, मात्र पाणी हवेपेक्षा वीसेक पट वेगाने अंगातली उष्णता ओढून घेतं आणि अर्ध्या तासात दात वाजायला लागतात. सूट चढत नसेल तर पायात प्लास्टिकची पिशवी घालून पाय सरकवा आणि मग पिशवी काढून घ्या, सर्रकन जातो.

केसांची घट्ट वेणी घाला, पुढच्या बटा रुमालाने मागे बांधा, कारण मास्कच्या कडेखाली एक केस आला तरी पाणी झिरपतं. मंगळसूत्र, जोडवी, कानातलं खोलीवर ठेवून या. दागिना दोरात अडकतो, आणि थंड पाण्यात बोटं आकसली की अंगठी आपोआप निसटते. वर येताना पदराने अंग पुसण्याची वेळ येऊ नये म्हणून कोरडा पंचा आणि वाऱ्याला आडवा येईल असं जाकीट होडीतच ठेवा.

प्रश्न : बारावीनंतर मला परवान्याचा कोर्स करायचा आहे. कुठे, कधी आणि चांगली शाळा कशी ओळखायची? (नंदुरबार, विद्यार्थी)

आधी पोहणं पक्कं कर. ओपन वॉटर, म्हणजे पहिल्या परवान्याच्या, कोर्सला न थांबता 200 मीटर पोहणं आणि 10 मिनिटं तरंगत राहणं लागतं. तीन-चार दिवस, समुद्रात चार डाइव्ह, आणि मग 18 मीटरपर्यंतचा परवाना. तारकर्लीला एमटीडीसीचं प्रशिक्षण केंद्र आहे, कर्नाटकात मुर्डेश्वरजवळ नेत्राणी बेट आहे. अंदमानात पाणी सगळ्यात नितळ, पण तिथे जाशील तेव्हा डाइव्ह सुरुवातीला उरकून सेल्युलर जेल शेवटच्या दिवसासाठी ठेव, म्हणजे विमानाआधीचे तास आपोआप मिळतात.

आपल्या किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर बंद. ऑक्टोबर ते मे चालतं, त्यातही नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरं. आता एक गोष्ट जी जाहिरातीत सापडणार नाही : तिथी बघ. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी जोरात आत-बाहेर करतं आणि तळाचा गाळ उठतो. अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटी कमी, कोळी त्याला भांग म्हणतात, आणि तेव्हा पाणी बरंच निवळलेलं असतं. तुझ्या घरी भिंतीवर कालनिर्णय असेलच.

शाळेत गेल्यावर सिलिंडरची हवा हुंगून बघ, तिला कसलाही वास नसावा. दाबाचा काटा सुरुवातीला 200 बारच्या जवळपास आहे का ते स्वतः वाच, आणि 50 उरायच्या आत वर यायचं हे लक्षात ठेव. होडीत ऑक्सिजनची पेटी आहे का, एका शिक्षकामागे किती विद्यार्थी, हे विचार. विचारल्यावर जो वैतागतो तिथून उठून ये. आणि जो माशांना ब्रेड टाकून तुझ्या फोटोत आणतो, त्याच्याकडेही शिकू नकोस. मालवणचा तो समुद्र 1987 पासून अभयारण्य आहे. ज्याला आपण दगड समजून पाय टेकतो ते प्रवाळ जिवंत प्राण्यांचं घर आहे, आणि बोटभर वाढायला त्याला वर्षं लागतात.

प्रश्न : आजीला (वय 71) मासे 'त्यांच्या घरात' बघायचे आहेत. तीन वर्षांपूर्वी तिची अँजिओप्लास्टी झाली. ती कधी पाण्यात उतरलेली नाही. तिला नेता येईल का? (एरंडोल)

पोरी, डाइव्हला नको. हृदयाच्या डॉक्टरांनी तपासून लेखी दिल्याशिवाय कुणीही तिला उतरवू नये, आणि तिथल्या फॉर्मवर हे लपवायचंही नाही. स्नॉर्केलिंगलाही छातीवर ताण येतोच.

पण तिची इच्छा पुरवता येईल. अंदमानला गेलात तर जॉली बॉय बेटाला काचेच्या तळाच्या होड्या आहेत, त्यात बसल्या बसल्या प्रवाळ दिसतं. तेवढं लांब जमणार नसेल तर मालवणलाच ने, मात्र मघाशी नंदुरबारच्या मुलाला सांगितलं त्याच्या उलट तिथीला : अमावास्या किंवा पौर्णिमेला. त्या दिवशी दिवस उगवायच्या आणि मावळायच्या सुमारास समुद्र सगळ्यात मागे हटतो. नेमकी वेळ आदल्या दिवशी एखाद्या होडीवाल्याला विचार. रॉक गार्डनच्या बाजूला खडकाळ किनारा आहे, तिथे खडकांच्या खळग्यांत पाणी अडून राहतं आणि त्या हातभर पाण्यात समुद्रफुलं, शंख पाठीवर घेऊन चालणारे खेकडे, बोटाएवढे मासे राहिलेले असतात.

प्लास्टिकची एक हलकी खुर्ची ने. आजीला मागे पट्टा असलेल्या, तळ खरखरीत असलेल्या चपला घाल, काठी दे, आणि शेवाळाच्या हिरव्या खडकावर पाय ठेवू देऊ नकोस. ओहोटी पूर्ण होण्याच्या अर्धा तास आधी जा. खळग्याजवळ कोरडी सपाट जागा बघून खुर्ची मांड आणि तिची सावली पाण्यावर पडणार नाही अशी बसव. सुरुवातीला काहीच दिसणार नाही. दहा मिनिटं दोघी गप्प बसा, मग एकेक जण बाहेर येतो. पाणी परत फिरायला लागलं की लगेच उठवायचं, ती नाही म्हणाली तरी.